फळीकडची बाजू

त्या गॅरेजात डावं-उजवं असं कुणी म्हणत नसे. तिथे बाजू दोनच, एक फळीकडची आणि एक खिडकीकडची. शेड लांबट आणि अरुंद. आत शिरलं की डाव्या हाताला भिंतभर लाकडी फळी, तिच्यावर पाने, डबे, जुनी बेअरिंगं. आणि उजव्या हाताला एकुलती एक खिडकी. तिच्या काचेवर तेलकट धुळीचा असा थर की उजेड आत यायचा तोसुद्धा मळूनच. गाडी नेहमी नाक पुढे करून आत यायची. तोंड आतल्या भिंतीला, पाठ रस्त्याला. म्हणजे गाडीची डावी बाजू फळीकडे, उजवी खिडकीकडे. गॅरेज टाकलं तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं, आणि 'खिडकीकडचं चाक उतरव' म्हटलं की कुणाला परत विचारावं लागत नसे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते एवढ्याशा गोष्टीवरून झालं.

गॅरेज दोघा भावांचं. थोरल्याला सगळे अण्णा म्हणत आणि धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. वय साठीला टेकलं, निम्म्या दाढा गेल्या, चष्म्याला दोरी आली, तरी धाकटा तो धाकटाच. गिऱ्हाइकं फार तर 'धाकटेसाहेब' म्हणत, तेही बिघाड मोठा असला तर. त्याने लग्न केलं नव्हतं. जेवायला थोरल्याकडे, निजायला जिन्याखालच्या खोलीत, आणि उरलेला वेळ गाडीखाली. मोठ्या झाडाखाली लहान झाड वाढत नाही म्हणतात. धाकट्याला विचाराल तर तो म्हणे, वाढायचंय कुणाला, ऊन लागत नाही हे काय कमी आहे?

अण्णांची ख्याती जुन्या विलायती गाड्यांच्या मागच्या एक्सलची. इंजिनाचे कारागीर गावात पुष्कळ होते. इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, त्याच्यापुढे उभं राहिलं की चार माणसं बघतात. मागचा एक्सल म्हणजे गाडीच्या पोटाखालचं, चिखलातलं, बिनबोभाट काम. अण्णांना तेच आवडे.

त्या एक्सलची गंमत अशी. मधोमध दातेरी चाकांचा एक जड गड्डा असतो, तो डिफरन्शिअल. त्यातून दोन्ही चाकांकडे एकेक पोलादी दांडा जातो, तो शाफ्ट. दोन्ही शाफ्ट दिसायला जुळे भाऊ. लांबी तीच, जाडी तीच, नवे असताना कुठलाही कुठेही बसतो. पण एकदा बसला की त्याचं लग्न लागलं म्हणायचं. वर्षानुवर्षं एकाच अंगाला पीळ खाऊन लोखंड त्या अंगाचं होऊन जातं. डावा एका अंगाला पिळलेला, उजवा दुसऱ्या. कामाच्या गडबडीत त्यांची अदलाबदल झाली की जुना पीळ उलटा फिरतो, आणि थोडे चढ चढल्यावर तो दांडा मुळ्यासारखा कडकन मोडतो.

"सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही," अण्णा म्हणायचे. "माणसाला हे टोमणा म्हणून ऐकवतात. शाफ्टला मी कौतुकाने सांगतो."

म्हणून शाफ्ट काढला की लगेच चिंधी बांधायची. फळीकडच्याला लाल, खिडकीकडच्याला पांढरी. हा घरचा नियम. अण्णांचं स्वतःचं मात्र चिंधीवाचून अडत नसे. शाफ्टच्या टोकाला खाचा असतात, त्यांवरून ते अंगठ्याचं नख फिरवत. ज्या कडेने आयुष्यभर जोर घेतलाय ती कड झिजते, आणि नखाला ती लागते. धाकट्यानेही पुष्कळदा नख फिरवून पाहिलं होतं. त्याच्या नखाला सगळ्या कडा सारख्याच.

मग एका सकाळी दात घासता घासता अण्णा मोरीतच बसले ते उठेनात. अर्धांगाचा झटका. डावं अंग गेलं. हळूहळू पाय थोडा आला, हात थोडा आला, जीभ तर पूर्वीपेक्षा तिखट होऊन आली. पण डावी बाजू त्यांच्या लेखी नाहीशीच झाल्यासारखी झाली होती. चपला उलट्या पायांत घालत. सदऱ्याचा डावा हात रिकामा लोंबकळत ठेवून 'झालं, चल' म्हणत. ताटातलं डावीकडचं तसंच राही आणि वर म्हणत, आज वाढलं नाहीस का. डॉक्टर म्हणाले, येईल परत, मेंदू आहे, जरा धीर धरा. धाकट्याने तो उलट्या चपलांचा पाय एकदा पाहिला आणि मान फिरवली. ते चित्र त्याच्या डोळ्यांतून गेलं नाही.

त्याच दिवसांत घड्याळजी आपली गाडी घेऊन आले. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांचं, आणि लहानशी, गोल पाठीची, त्यांच्या लग्नाच्या वयाची विलायती गाडी. बायकोला बसवून रोज संध्याकाळी नदीवरच्या पुलापर्यंत जायचं, हा त्यांचा नेम. मागून करवतीसारखा आवाज येत होता. धाकट्याने गाडी नेहमीसारखी आत घेतली, घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली, दोन्ही शाफ्ट ओढले, लाल-पांढऱ्या चिंध्या बांधल्या, आणि डिफरन्शिअल काढून पाहिलं. दातांचे टवके उडालेले. नवं मिळण्याची बातच नव्हती. भंगारवाल्यांच्या आवारात आठवडाभर उन्हातान्हात हिंडून त्याने तसल्याच एका मोडक्या गाडीचा अख्खा एक्सल शोधून आणला. त्यातलं डिफरन्शिअल चांगलं निघालं. शाफ्टांपैकी एक गंजलेला होता, तेव्हा ठरलं की शाफ्ट घड्याळजींचेच ठेवायचे, गड्डा तेवढा बदलायचा.

हे जेवताना त्याने सहज घरात सांगितलं. अण्णांनी घास खाली ठेवला.

"ते मी बसवणार."

"अण्णा, अहो खाली निजावं लागतं. तुमचा पाय..."

"पाय काय एक्सल बसवतो? हात बसवतो." मग जरा थांबून ते म्हणाले, "हे बघ. एवढं काम मला करू दे. धड झालं तर उद्यापासून मी रोज येणार. फसलं तर परत गॅरेजचं नाव काढणार नाही, घरच्या खिडकीत बसून कावळे मोजीन. मग तुम्हीही मोकळे."

वहिनी, अण्णांची बायको, वाढत राहिल्या. धाकटा हात धुवायला गेला तेव्हा मात्र त्या मागून आल्या.

"भावजी, बसू द्या त्यांना कामाला. घरात ते दिवसभर भिंतीकडे बघतात. तुम्ही असता तेव्हाच बोलतात एवढं. मी एकटी असले की नाही बोलत."

"चुकलं तर, वहिनी?"

"तुम्ही आहात ना." असं म्हणून त्या भांडी आवरायला गेल्या.

'तुम्ही आहात ना' हे शब्द धाकट्याने गाठीला बांधले. चांगल्या माणसाने गाठीला काय बांधावं याचाही विचार करायला हवा.

अण्णांना खाली निजता येणार नव्हतं. तेव्हा धाकट्याने युक्ती काढली. शेडच्या आतल्या टोकाला इंजिनं उचलायची साखळीची कप्पी होती. गाडीची पाठ जर तिच्याखाली आणली तर मागचा भाग हवा तेवढा उचलता येईल, खाली उंच घोड्या लावता येतील, आणि अण्णा बुटक्या स्टुलावर बसून काम करू शकतील. शाफ्ट काढले तरी त्या गाडीची चाकं फिरतात. शेजारच्या सुताराला हाक मारून दोघांनी गाडी बाहेर ढकलली, रस्त्यात वळवली, आणि उलटी आत घातली. पाठ आत, तोंड रस्त्याकडे. त्या शेडमध्ये गाडी अशी कधीच उभी राहिली नव्हती. सुतार म्हणालासुद्धा, "आज ही बाहेर पडायच्या तयारीतच उभी आहे."

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. दाढी केलेली, कपाळाला तेल, सदऱ्याचे दोन्ही हात जागच्या जागी. ते वहिनींनी पाहिलं असणार. स्टुलावर बसले आणि वर लटकलेल्या गाडीकडे बघून म्हणाले, "वा. उंटावरून शेळ्या हाकायची चांगली सोय केलीस."

आधी पॅकिंग. दोन लोखंडी तोंडांच्या मध्ये तेल गळू नये म्हणून जाड कागद कापून बसवतात, ते पॅकिंग. अण्णा ते विकत आणू देत नसत. कागद लोखंडावर धरायचा, हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकायचं, की कड आपोआप कापली जाते. पूर्वी त्यांचं पॅकिंग नाण्यासारखं गोल निघे. आता डाव्या हाताने कागद धड धरवेना. तो सरके, हातोडी भलतीकडे पडे, भोकं लांबोळी होत. तीन पॅकिंगं लागणार होती, एक मधल्या गड्ड्याचं आणि दोन शाफ्टांची. तिन्ही वाकडीतिकडी निघाली, कडांना उंदराने कुरतडल्यासारखी. अण्णांनी ती उजेडात धरून पाहिली.

"चालतील," ते म्हणाले. "माझ्यासारखीच आहेत. एका अंगाला जरा कमी."

धाकटा हसला.

डिफरन्शिअल धाकट्याने छातीशी धरून उचललं, अण्णांनी नट लावले. घामाने सदरा भिजला, पण प्रत्येक नट दोनदा आवळला. मग शाफ्ट. फळीवरून लाल चिंधीचा शाफ्ट त्यांनी मांडीवर घेतला, चिंधी सोडून फेकली, खाचांवरून नख फिरवलं. डोळे मिटले. पुन्हा फिरवलं. धाकट्याला वाटलं, चाचपडताहेत. मग अण्णा उठले आणि लंगडत, गाडीला धरून धरून, खिडकीकडे गेले. लाल चिंधीचा शाफ्ट त्यांनी खिडकीकडे बसवला.

धाकट्याच्या हातातला पाना थांबला. लाल म्हणजे फळीकडची. जन्मभराचा नियम. आणि थोरला भाऊ तो शाफ्ट निर्धास्तपणे खिडकीकडे सरकवत होता, वर गुणगुणत होता. धाकट्याला त्या क्षणी गाडी दिसलीच नाही. तिचं तोंड कुठे, पाठ कुठे, काही दिसलं नाही. त्याला फक्त उलट्या चपला दिसल्या. मनी वसे तेच डोळ्यांना दिसे, दुसरं काय.

एक शब्द विचारला असता तर? 'अण्णा, हा इकडचा का?' एवढंच. पण विचारणं म्हणजे चूक दाखवणं, आणि चूक दाखवणं म्हणजे ते कावळे मोजणं आलं. तो गप्प राहिला. पांढऱ्या चिंधीचा शाफ्ट फळीकडे गेला तेव्हाही गप्प राहिला. अण्णांनी हात पुसले, स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "आता घोटभर चहा दे. कमावलाय मी."

पहाटे, वहिनी उठायच्या आधी, धाकटा गॅरेजात आला. चाकं काढली, ब्रेकचे ड्रम काढले, दोन्ही शाफ्ट ओढले. फळीकडचा खिडकीकडे नेला, खिडकीकडचा फळीकडे. अण्णांची वाकडी पॅकिंगं उघडताना फाटली. ती त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि स्वतःच्या हाताने दोन नवी ठोकली. गोल, स्वच्छ, भोकावर भोक. मधल्या गड्ड्याला हात लावायची गरज नव्हती, तो तसाच राहिला. सगळं आवळून झाल्यावर त्याने गाडी खाली उतरवली, आणि त्याला खरोखर बरं वाटलं. कुणाला कळलं नाही, कुणाला दुखलं नाही, आणि काम बरोबर झालं. साप मेला, काठीही मोडली नाही, असं त्याला वाटलं.

घड्याळजी आले, गाडी सुरू केली, पुलापर्यंत जाऊन परत आले. बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "टिकटिकसुद्धा नाही." अण्णांनी फक्त मान हलवली, पण कान लाल झाले होते.

पुढचे दिवस चांगले गेले. हे सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतात दुःखाच्या गोष्टीत चांगले दिवस नसतात. अण्णा रोज येऊ लागले. स्टूल खिडकीखाली ठेवून बेअरिंगं धूत, गिऱ्हाइकांची टर उडवत, धाकट्याला शिकवत; या वयात, या कामात, शिकवत. चपला आता सरळ येऊ लागल्या होत्या. वहिनी दुपारचा डबा घेऊन येत आणि उगाचच थोडा वेळ दारात उभ्या राहत. गॅरेजात बसायला जागा नाही ही त्यांची जुनी तक्रार होती, पण त्या दिवसांत त्यांनी ती केली नाही.

मग एक दिवस घड्याळजी चालत आले. पुलावरून वर येणाऱ्या चढावर मागे 'फाट्' असा आवाज झाला आणि गाडी मागे घसरायला लागली. हँडब्रेक ओढला म्हणून वाचले. बायको शेजारी होती. तिला काही लागलं नव्हतं, पण ती घरी जाऊन निजली होती आणि गाडीत परत बसणार नाही म्हणत होती. घड्याळजी कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही, आणि तेच ऐकवत नव्हतं.

गाडी चौघांनी ढकलत आणली. आत घेतली ती नेहमीसारखी, नाक पुढे करून. धाकटा पाना घेऊन फळीकडच्या चाकाशी बसला, आणि बसल्या बसल्या त्याची नजर सहज पुढे गेली. गाडीचे दिवे आतल्या भिंतीकडे होते. त्या दिवशी ते रस्त्याकडे होते. त्या दिवशी सुतार म्हणाला होता, बाहेर पडायच्या तयारीत आहे. त्या दिवशी गाडी उलटी होती, ती त्यानेच उलटी केली होती, अण्णांना बसून काम करता यावं म्हणून. फळी जिथल्या तिथेच होती. गाडीची बाजू फिरली होती.

अण्णा चुकले नव्हते. अण्णांनी लाल चिंधीचा डावा शाफ्ट गाडीच्या डाव्या अंगालाच बसवला होता.

धाकट्याने चाक काढलं, शाफ्ट ओढला. अर्धाच बाहेर आला. अण्णा स्टुलावरून उठून आले, तो तुकडा त्यांनी हातात घेतला. दुसरा तुकडा काढून घेतला, त्याच्या खाचांवरून नख फिरवलं. मग ड्रमच्या तोंडाशी चिकटून राहिलेलं पॅकिंग बोटाने सोलून काढलं. गोल होतं. नाण्यासारखं. ते त्यांनी क्षणभर पाहिलं आणि मुठीत चुरगळलं.

"घड्याळजी," ते म्हणाले, "माझा हात चुकला. शाफ्टांची अदलाबदल झाली. आजारपणाने हल्ली बाजू कळत नाहीत मला. तुमच्या घरी सांगा, माफी मागितली म्हणून. धाकटा सगळं ठीक करून देईल. त्याच्या हातचं काम आहे म्हटल्यावर तुम्हाला काळजी नाही."

धाकट्याने तोंड उघडलं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि लहानपणी ज्या नजरेने तो गप्प बसे त्याच नजरेने तो पुन्हा गप्प बसला. घड्याळजी जाता जाता म्हणाले, "अण्णा, तुम्ही आता आराम करा." चांगल्या मनाने म्हणाले. सुतारानेही ते ऐकलं, चहावाल्यानेही ऐकलं.

संध्याकाळी धाकटा घरी गेला तेव्हा अण्णा खाटेवर बसले होते. वहिनींनी दिवा लावला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. धाकटा उंबऱ्याशी जमिनीवर बसला.

"मला माहीत आहे," अण्णाच म्हणाले. "तू उघडलंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कचऱ्याच्या डब्यात माझी पॅकिंगं होती. वाकडी. ती दुसऱ्या कुणाची असणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, उघडून पाहिलं असेल, बरोबर दिसलं असेल, परत लावलं असेल. धाकटा थोरल्याची परीक्षा घेतो, घेऊ दे. जरा लागलं मनाला. पण पास झालो म्हणून बरंही वाटलं." त्यांनी पांघरूण गुडघ्यावर ओढलं. "तू बदललं असशील हे नाही आलं माझ्या मनात."

"अण्णा, लाल चिंधी... मला वाटलं फळीकडची..."

"गाडीत बसलेल्याचं डावं ते डावं. फळीचं नव्हे. हे तुला मीच शिकवायचं राहिलं." मग ते हळू म्हणाले, "एक शब्द विचारायचा होतास रे."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं."

"आणि आता काय, चांगलं वाटतंय?"

धाकट्याला रडू आलं. डोळे पुसायला हात वर नेला तर हाताला ग्रीस. मग तो तसाच रडला, नाक ओढत, पोरासारखा. अण्णा खाटेवरून खाली आले नाहीत. त्यांना जमिनीवर बसता येत नव्हतं. त्यांनी फक्त उजवा पाय पुढे करून त्याच्या गुडघ्याला लावून ठेवला.

"उद्या मी घड्याळजींना सांगतो खरं काय ते," धाकटा म्हणाला. "सगळ्यांना सांगतो."

"नाही सांगायचं. झाकली मूठ राहू दे. माझं नाव आता कितीसं लागणार? तुझं लागेल. गॅरेज चालायचंय."

"मग तुम्ही उद्या या. नेहमीसारखे या."

"नाही."

"पण तुम्ही चुकलाच नव्हतात."

"म्हणूनच." अण्णांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "हात चुकला असता ना, तर उद्या परत बसलो असतो. चुकलेल्या हाताला समजावता येतं. पण तू माझ्या हाताकडे बघतोस तेव्हा तुला हात दिसत नाही, आजार दिसतो. मी बसवणार, तू पहाटे येऊन उघडणार. तोंडाने नाही म्हणशील, पण उघडशील. एक काम दोघांनी दोनदा करायचं त्यापेक्षा तू एकदाच कर."

धाकट्याला म्हणायचं होतं, नाही उघडणार. पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि त्याला स्वतःची खात्री नव्हती. एवढं अण्णांनी पाहिलं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत नव्हता. वहिनी ऐकत उभ्या होत्या.

भंगारातल्या एक्सलचा जो चांगला शाफ्ट होता तो उजवाच निघाला, नशीब म्हणा. तो धाकट्याने बसवला, उरलेला डावा डावीकडे बसवला, आणि या वेळी गाडीत ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसून, आपलाच डावा हात वर करून पाहिला. गाडी परत गेली. घड्याळजींची बायको काही दिवसांनी पुन्हा बसू लागली.

अण्णा आले नाहीत. वहिनींनी एकदा सांगून पाहिलं, सुताराने सांगून पाहिलं. ते खिडकीत बसत, पण कावळे मोजले नाहीत त्यांनी. काहीच मोजलं नाही. धाकटा रोज जेवायला येई, कामाचं सांगे, मुद्दाम अडलेलं विचारे. अण्णा उत्तर देत, बरोबर उत्तर देत, आणि पुन्हा बाहेर बघत. चपला सरळ पायांत येत होत्या. चालायला मात्र कुठे नव्हतं. थंडी सुरू झाली तेव्हा दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले, असं होतं. धाकट्याने डॉक्टरांचं ऐकून घेतलं. घरातलं कुणी त्याला काही बोललं नाही. वहिनी तर जेवायला बसवताना पूर्वीसारखंच आधी त्याचं पान वाढत, आणि तो मान खाली घालून जेवे.

लोकांना अजून तेच माहीत आहे, की अण्णांचा हात शेवटी शेवटी चुकायला लागला होता. धाकट्याने दोनदा खरं सांगून पाहिलं. लोक म्हणाले, भावाची बाजू घेतोय, घेणारच, रक्ताचं नातं आहे. तेव्हापासून तो सांगत नाही.

परवा घड्याळजी आले. गाडी आत घेतली. ते जरा संकोचून म्हणाले, "मधे खाली ठिपका पडतो हो तेलाचा. फार नाही, रोज एक. घरी फरशीवर डाग पडलाय."

धाकटा गाडीखाली सरकला. विजेरीच्या उजेडात मधल्या गड्ड्याची कड दिसली. दोन लोखंडी तोंडांच्या मधून कागद थोडासा बाहेर आलेला होता, उंदराने कुरतडल्यासारखा. तिथे तेलाचा एक थेंब जमला होता. त्याने तो बोटाने पुसला. जरा वेळ तसाच निजून राहिला, मग बाहेर आला, फळीवरची तेलाची बुधली घेतली आणि डिफरन्शिअलमध्ये तेल भरलं.

"महिन्याला एकदा आणत जा," तो म्हणाला. "मी तेल घालत जाईन."

"पण एकदा उघडून बघा की. पॅकिंग बदललं की झालं, नाही का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "ते अण्णांनी बसवलंय."